घरपोच रक्ततपासणी: नमुना वेळेवर, अहवाल मात्र अर्धा

आमचे गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या काठी आहे. आबांना सिरोसिस (यकृत कडक होण्याचा आजार) असून पोटात पाणी साठते, त्यामुळे दर आठवड्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारा घटक), सोडियम आणि पोटॅशियम तपासावे लागते. त्यासाठी चिपळूणच्या एका खाजगी प्रयोगशाळेची घरपोच सेवा आम्ही सात महिने घेत आहोत.

रक्त घेण्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. येणारा मुलगा भर पावसातही सकाळी सातला पडवीत हजर असतो, आबांच्या सुकलेल्या हातावरची शीर बोटाने चाचपून एकाच टोचणीत रक्त घेतो आणि नळी न हिंदकळवता डब्यात उभी ठेवतो. ही काळजी महत्त्वाची आहे, कारण रक्तपेशी फुटल्या किंवा सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) वेगळे करायला उशीर झाला, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी, पण पोटॅशियमही चढवू शकणारी गोळी) घेणाऱ्या रुग्णाची ती गोळी विनाकारण बंद होऊ शकते.

तक्रार अहवालाबद्दल आहे. श्रावणात आबांचा गुडघा दुखू लागला, म्हणून कोणालाही न विचारता त्यांनी दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून चार दिवस घेतल्या. त्या गुरुवारच्या अहवालात क्रिएटिनिन १.२ होते. छापील मर्यादा ०.७ ते १.३ असल्याने आकड्यापुढे कोणतीही खूण नव्हती आणि आम्ही निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जुना कागद मागवला. त्यावर सहा दिवसांपूर्वीचा आकडा ०.८ होता. म्हणजे आठवड्याच्या आत दीडपट वाढ, आणि सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाला इजा झाली असे म्हणायला तेवढी पुरते. ४८ तासांत ०.३ वाढले तरी पुरते. शिवाय अशा रुग्णाचे स्नायू झडलेले असल्याने क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते आणि ‘नॉर्मल’ दिसणारा आकडा फसवतो.

डॉक्टरांनी समजावले ते असे: यकृत कडक झाले की आतड्याकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीराला रक्त अपुरे वाटते आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळल्या जातात. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा वाहिन्या उघड्या ठेवणाऱ्या ज्या प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या द्रव्यांवर टिकून असतो, तीच डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कमी करतात. वेदनाशामकासोबत लघवीच्या गोळ्याही थांबल्या, पोटातले पाणी काढून त्यात जंतुसंसर्ग नसल्याची खात्री झाली आणि दोन दिवस किलोमागे एक ग्रॅम या हिशेबाने अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) शिरेतून दिले गेले. आकडा ०.९ वर आला. तो उतरला नसता तर टर्लिप्रेसिन या सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाचा विचार करावा लागला असता, असे डॉक्टर म्हणाले. त्या औषधावर श्वासाकडे बारीक लक्ष ठेवावे लागते.

चूक गोळीची होती, प्रयोगशाळेची नव्हे, हे मान्य आहे. तरीही सात महिन्यांचे सगळे आकडे ज्यांच्या संगणकात आहेत, त्यांनी मागील निकाल शेजारच्या रकान्यात छापायला काय हरकत होती? दूरध्वनीवर विचारले असता ‘सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही’ असे उत्तर मिळाले. दोन आठवड्यांनी मात्र अहवालाच्या तळाशी मागचा आकडा हाताने लिहून येऊ लागला, तोही आठवण केली तरच.

सेवा आम्ही सोडलेली नाही. घरी येण्याचे शंभर रुपये वाजवी आहेत आणि रात्री नऊपर्यंत अहवाल मोबाईलवर येतो. पाचांपैकी तीन तारे देतो, आणि दर अहवालाचा आकडा स्वतःच दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवतो.