घोटा बदलावा की जाम करावा?

परभणीकडच्या आमच्या मामांचा घोटा बैलगाडीच्या चाकाखाली मोडला, त्याला २० वर्षं झाली. आता कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गुळगुळीत गादी, झिजून हाडाला हाड घासतं. कापसाच्या रानातून घरी येताना ते बांधावर तीनदा टेकतात, चप्पल काढून घोटा दाबत बसतात.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, कृत्रिम सांधा. नडगीच्या टोकाला धातूचा भाग, खालच्या हाडावर धातूची टोपी, मधे प्लास्टिकची चकती. इथे सगळं बसवण्याच्या कोनावर आहे. सांधा तिरपा बसला तर चकतीच्या एकाच कडेवर भार येतो आणि ती लवकर झिजते. टोपी फार पुढे बसली तरी हालचाल आखडते. नवा सांधा म्हणजे तरुणपणीची लवचीकता, असं मात्र समजू नका. आधी घोटा जेवढा हलत होता, त्याहून नंतर थोडाच जास्त हलतो. सपाट चालताना पाऊल साधारण १० अंश वर यावं लागतं. तेवढं मिळालं तरी खूप.

दुसरी, स्क्रू घालून सांधा काटकोनात कायमचा जुळवणं. हाड नीट जुळलं की झिजायला काही उरत नाही. पण उकिडवं बसणं अवघड, आणि पुढे शेजारच्या सांध्यांवर ताण येतो.

मामा ढेकळांतून ओझी वाहतात, म्हणून त्यांच्यासाठी मी जाम करण्याच्या बाजूने आहे. संधिवाताने दोन्ही घोटे गेलेल्या माझ्या सत्तरीच्या आईसाठी मात्र नवा सांधाच बरा. दोन्ही पाय जाम झाल्यावर तिनं ओसरीची पायरी उतरायची कशी?