जुळे सोलापुरातील ‘पीसीओएस बॅच’ : शिकवणे चोख, जाहिरात अवास्तव

जुळे सोलापुरात केवळ महिलांसाठी चालणाऱ्या एका व्यायामवर्गाने पीसीओएस असलेल्यांसाठी स्वतंत्र बॅच सुरू केली असून गेल्या हिवाळ्यापासून मी तेथे नियमित जात आहे. आपल्याकडे पीसीओडी या नावाने अधिक परिचित असलेल्या या विकारात पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, मुरुमे जात नाहीत आणि अनेकींच्या बाबतीत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. तरीही बहुतेकींच्या वाट्याला ‘आधी वजन उतरवा’ एवढाच सल्ला येतो, आणि तो देण्यात घरची मंडळी डॉक्टरांच्याही पुढे असतात.

या वर्गात वजनकाटा दाराशी नसून आतल्या खोलीत ठेवलेला आहे, ही मला सर्वात आवडलेली बाब. प्रवेशाच्या वेळी पाळीचे चक्र, चालू असलेली औषधे, रक्तदाब आणि गुडघ्यांचा त्रास यांची नोंद वहीत होते, कंबरेचा घेर टेपने मोजला जातो आणि मग थेट कामाला सुरुवात होते. “काटा नंतर बघू ताई, आधी स्टुलावर बसून हाताचा आधार न घेता उठून दाखवा,” असे प्रशिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितले. ज्यांना स्क्वॉट जमत नाही त्यांच्यामागे ती स्वतः लाकडी स्टूल सरकवते आणि टाचा उचलल्या जात आहेत का, हे वाकून पाहते. वजन फारसे न घटताही व्यायामाचा लाभ होतो, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवर अवलंबून न राहताही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो, हे ती ज्या सोप्या भाषेत समजावते, तसे मला यापूर्वी कोणी समजावले नव्हते.

सोमवार ते शनिवार रोज पाऊण तास वर्ग असतो. त्यातील मंगळवार आणि शुक्रवार डंबेल व रबरी पट्ट्यांसाठी राखलेले असून उरलेले चार दिवस दम लागेल अशा हालचालींचे आहेत, म्हणजे आठवड्याला 180 मिनिटे होतात. पीसीओएसविषयीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रौढ स्त्रियांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटांचा जोरकस व्यायाम, शिवाय सलग नसलेल्या दोन दिवशी स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचवला आहे. त्या मापाने हे वेळापत्रक निर्दोष आहे.

तक्रार आहे ती बाहेरच्या फलकाविषयी. ‘तीन महिन्यांत पीसीओएस मुळापासून बरा’ असे त्यावर लिहिले आहे, आणि ते खरे नाही. हा विकार दीर्घकाळ सांभाळावा लागतो, म्हणून व्यायाम सुरू केला तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हे फलकावर नसले तरी निदान प्रवेशाच्या अर्जावर तरी छापायला हवे होते. त्याच सूचनांनुसार कोणताही एक व्यायामप्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. त्यामुळे ‘खास पीसीओएस’ या नावाखाली सर्वसाधारण बॅचपेक्षा जादा शुल्क, तेही तीन महिन्यांचे एकरकमी, घेण्याचे समर्थन करणे कठीण आहे. शुल्क भरताना प्रोटीन पावडरीचा डबा पुढे सरकवला जातो, तो मी दोनदा परत केला. आहाराबाबत प्रशिक्षिका मात्र समंजस आहे : ज्वारीची भाकरी बंद करायला ती सांगत नाही, फक्त डाळ, उसळ, अंडी यांचे प्रमाण वाढवायला सांगते.

सभागृहावर पत्रा आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सायंकाळच्या बॅचला दोन पंखे काहीच करू शकत नाहीत, आणि थकव्यामुळे पहिल्याच महिन्यात वर्ग सोडणाऱ्या बहुधा याच बॅचमधल्या असतात. ज्यांना पहाटे सहाला घराबाहेर पडणे शक्य आहे त्यांनी अवश्य प्रवेश घ्यावा. इतरांनी आधी एका महिन्याचे शुल्क घेणार का, हे विचारावे, कारण आग्रह धरल्यास ते मान्य करतात.