छाया गोळी : आठ महिने झाले, खरं खरं सांगते

यवतमाळकडच्या खेड्यात राहते, दोन लेकरं आहेत, तिसरं नको हे पक्कं पण ऑपरेशन एवढ्यात करायचं नव्हतं, म्हणून दिवस राहू नयेत यासाठी तीन वर्षांत एकेक करून बरंच वापरून झालं, आता ही छाया गोळी.

पहिले कॉपर टी. 380 वाली, दहा वर्षं चालते, बसवली की विसरून जा. जाऊबाईंना सहा वर्षं झाली, काही त्रास नाही. मला मात्र पाळीत इतकं जायला लागलं की वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत उभं राहणं नको वाटायचं, अन् वावरात कपडा बदलायला आडोसा कुठला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. सात महिन्यांनी काढून टाकली.

मग अंतरा इंजेक्शन, तीन महिन्यांतून एकदा. पहिल्या डोसनंतर वीस दिवस थोडंथोडं डाग लागतच होते, दुसऱ्यानंतर पाळीच बंद. नर्सबाईने आधीच सांगितलं होतं की असं होतं, घाबरायचं नाही, पण सासूबाईंना कोण सांगणार, रोज एकच, "काऊन वं, दिवस गेले का तुले?" वैताग आला. अन् एक, पुढं लेकरू हवं असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे नव्या लग्नाच्या पोरींनी आधी विचारून घ्यावं. माला-एन घेतलीच नाही, रोजची गोळी माझ्याकडून होणारच नाही.

तिसऱ्या इंजेक्शनला गेलेच नाही. पाळी येईस्तोवर निरोध, आणि पाळी आली त्याच दिवशी छाया सुरू. यात हार्मोन नसतात, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेलं औषध आहे, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. माझी पाळी आली बुधवारी, म्हणून बुधवार-शनिवार, आता फक्त बुधवार. बुधवारी आमच्याकडे बाजार भरतो, त्यामुळं पाकीट बाजाराच्या पिशवीतच ठेवलं, पिशवी उचलली की गोळी.

पोळ्याच्या धामधुमीत बाजाराला गेलीच नाही अन् गोळी राहिली, शुक्रवारी आठवलं. आशाताईला फोन केला तर म्हणाली आत्ताच घे, पुढची बुधवारीच, अन् पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांच्या वर गेलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून आठवड्यातून दोनदा.

त्रास म्हणाल तर पाळी लांबते. एकदा पन्नास दिवस झाले, झोप उडाली, दिवस गेले का ते घरीच तपासायचं निश्चय किट आणून तपासलं तेव्हा जीवात जीव आला. रक्त मात्र कमी जातं, हे मला फार बरं पडलं. कावीळ होऊन गेली असेल किंवा पीसीओडी (अंडाशयात गाठी होण्याचा त्रास) असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

माणसाची बिनटाक्याची नसबंदी सगळ्यात सोपी, पण आमचे म्हणतात, "मंग वावरात पोतं कोन उचलन?" त्यानं ताकद जात नाही हे नर्सबाईनं माझ्यासमोर सांगितलं, हे ऐकून घेतात अन् तंबाखू मळत बसतात.

मागच्या महिन्यात उपकेंद्रात पाकिटं संपली होती. तालुक्याच्या मेडिकलमध्ये तीच गोळी सहेली नावानं मिळाली, पण बसभाडं गेलं ते गेलंच. एका पाकिटात 8 गोळ्या असतात, आता मी दोन पाकिटं आधीच मागून ठेवते.