स्मोकर डेकवर झाकून ठेवावा की गराजमध्ये?

न्यू जर्सीच्या हिवाळ्यात इलेक्ट्रिक स्मोकर (लाकडाच्या धुरावर मांस शिजवायचं विजेचं यंत्र) डेकवर कव्हर घालून ठेवण्यात सोय आहे: बर्फ थांबला की कव्हर काढा, प्लग लावा. पण कव्हरखाली दमट हवा कोंडते. रॅकवर बुरशी धरते आणि कंट्रोल पॅनेलमध्ये ओल शिरली की यंत्र बंद. शिवाय स्मोकर पूर्ण गार होईपर्यंत कव्हर घालता येत नाही, नाहीतर ते वितळते.

गराजमध्ये तो कोरडा राहतो. दरवेळी ते धूड ढकलत बाहेर आणायचा कंटाळा येतो, तरी माझं मत गराजलाच.

मात्र तिथे फक्त ठेवायचा. दार उघडं टाकूनही आत चालवायचा नाही, कारण वीज असली तरी लाकडाचे तुकडे धुमसतातच आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. पावसात तर बाहेरही नको. कोरड्या थंडीत जीएफसीआय सॉकेट (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारं) वापरा आणि वाऱ्याला आडोसा करा. 800 वॉटची कॉइल बोचऱ्या वाऱ्यात 225 अंश फॅरनहाइट (107 सेल्सिअस) गाठताना दमते, त्यात आपण दर अर्ध्या तासाला स्मोकरचं दार उघडून डोकावतो!