‘सॉप्स’ प्रश्नावली: फुकट आहे, कामाची आहे, पण वॉर्ड इनचार्जच्या हाती देऊ नका

रुग्णालयातली रुग्णसुरक्षेची संस्कृती मोजणारी ही ‘सॉप्स’ (सर्व्हेज ऑन पेशंट सेफ्टी कल्चर) प्रश्नावली अमेरिकेच्या ‘एजन्सी फॉर हेल्थकेअर रिसर्च अँड क्वालिटी’ या सरकारी संस्थेनं २००४ मध्ये आणली. सध्या वापरायची ती २०१९ ची दुसरी आवृत्ती. दहा विषयांत मिळून ३२ मुख्य प्रश्न, शिवाय थोडी माहिती भरायची. दहा-पंधरा मिनिटांत उरकते. संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

दहशतीनं वॉर्ड चालवणारा वरिष्ठ असला की त्याची तक्रार सहसा कुणी लेखी करत नाही. सिस्टर चुकीच्या डोसबद्दल विचारायचं टाळते, रेसिडेंट रात्री कन्सल्टंटला फोन लावायला कचरतो, चुका आणि घटना कळवायचे इन्सिडन्ट फॉर्म कोरे राहतात. ही प्रश्नावली नेमकी ही गप्प बसण्याची सवय पकडते, म्हणून ती आवडते. काही खटकलं तरी प्रश्न विचारायची भीती वाटते का, अधिकारानं मोठा माणूस धोकादायक काही करत असेल तर कुणी बोलतं का, घटना कळवली की मूळ अडचणीऐवजी माणसावरच ठपका येतो का, गर्दीच्या वेळी साहेब घाई करायला लावतात का, भले त्यासाठी पायऱ्या गाळाव्या लागोत: असे थेट प्रश्न आहेत. ‘चुकीला प्रतिसाद’ (४ प्रश्न), ‘संवादातला मोकळेपणा’ (४) आणि ‘वरिष्ठांचा पाठिंबा’ (३) हे तीन विषय आधी वाचा. बाकीचे नंतर पाहिले तरी चालतील.

गेल्या १२ महिन्यांत तुम्ही किती घटना कळवल्या, हा प्रश्नही आहे. ‘एकही नाही’ला सर्वाधिक टिक पडलेला वॉर्ड व्यवस्थापनाला आदर्श वाटतो. पण त्याच वॉर्डात मोकळेपणाचा आकडाही पडलेला असेल, तर तिथं चुका होत नाहीत असं नव्हे, त्या दडवल्या जातात.

गणित सोपं, पण गफलत ठरलेली. उलट्या वाक्यांत, म्हणजे ‘भीती वाटते’सारख्या नकारात्मक वाक्यांत, ‘असहमत’ आणि ‘पूर्ण असहमत’ किंवा ‘कधीच नाही’ आणि ‘क्वचित’ हीच सकारात्मक उत्तरं असतात. एक्सेलमध्ये ती उलटवायची राहिली की घाबरलेला वॉर्ड उत्तम दिसतो. ‘लागू नाही किंवा माहीत नाही’ ही उत्तरं भाजकातून वगळा. विषयाचा आकडा म्हणजे त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला मिळालेल्या सकारात्मक उत्तरांच्या टक्केवारीची सरासरी.

आपल्याकडे खरी अडचण ‘वरिष्ठ’ या शब्दाची. स्टाफ नर्सला इनचार्ज सिस्टर, मेट्रन (मुख्य परिचारिका), आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि कन्सल्टंट असे चार साहेब. कुणाबद्दल उत्तर द्यायचं हे फॉर्मच्या डोक्यावर लिहिलं नाही तर चांगल्या इनचार्जचे गुण आरडाओरडा करणाऱ्या सर्जनच्या खात्यात जमा होतात. दुसरी अडचण ओळख लपवण्याची. पद, विभाग आणि नोकरीची वर्षं एकत्र आली की सहा जणांच्या डायलिसिस युनिटमध्ये माणूस लगेच सापडतो. दहापेक्षा कमी उत्तरं असतील तर विभागवार निकाल छापूच नका. दोन-तीन छोटे विभाग एकत्र करा. फॉर्म इनचार्जनं वाटून इनचार्जनंच गोळा करायचे, ही पद्धत तर पूर्ण बाद: बंद पेटी ठेवा, ती क्वालिटी विभागानं उघडावी, आणि नाईटवाल्यांनाही तितकाच वेळ मिळावा. कंत्राटी मावशी आणि वॉर्डबॉय यांना वगळलं जातं, तेही चूक. त्यांच्यासाठी मराठीत करून घेतलेला फॉर्म आधी पाच-सहा जणांकडून मोठ्यानं वाचून घ्या. दुहेरी नकाराची वाक्यं तिथंच अडकतात.

ही प्रश्नावली छळ मोजत नाही. सर्वांसमोर पाणउतारा, ड्युटी लिस्टमधून सूड, सुट्टी नाकारणं हे तिला दिसत नाही. कामावरचा आक्रमकपणा आणि कर्मचाऱ्यांचा थकवा यांवर संस्थेचे वेगळे पूरक प्रश्न आहेत, ते जोडता येतात. ड्युटी लिस्टमधल्या सूडासाठी मात्र त्या वॉर्डातले बदलीचे अर्ज, आजारपणाच्या रजा आणि मेमो महिन्यावार काढून शेजारी ठेवावे लागतील. ही कागदपत्रं एचआरकडे आधीच असतात.