ग्रेनेडातला वीकेंड: ग्वाव्ह, ग्रँड एटांग की कॅरियाकू?

मेडिकलसाठी कॅरिबियनमधल्या ग्रेनेडात आलेल्या प्रत्येकाचा पहिला बेत ग्रँड ॲन्सचा असतो. सुमारे तीन किलोमीटर लांब पांढरी पुळण, मेडिकल कॉलेजच्या ट्रू ब्लू कॅम्पसपासून जवळच. लेक्चर संपल्यावर आठवड्यात कधीही पाय भिजवून येता येतं, त्यामुळे तिच्यावर अख्खा शनिवार घालवू नका. निवड करायची आहे ती पुढच्या तिघांत: पश्चिम किनाऱ्यावरचं ग्वाव्ह, मधल्या डोंगरातलं ग्रँड एटांग आणि उत्तरेचं कॅरियाकू बेट.

फोटो बघून ठरवू नका, परत कसं यायचं ते बघून ठरवा. इथली बस म्हणजे खासगी मिनीबस, थेट आपल्याकडचं वडाप. भरली की सुटते, कंडक्टर दारातून ओरडून माणसं गोळा करतो आणि उतरायचं असेल तर पत्र्यावर ठकठक करायची. काचेवर मार्गाचा नंबर असतो. दिवसा मिळते, अंधार पडला की विरळ होते आणि रविवारी तिच्या भरवशावर निघणं म्हणजे जुगार.

ग्वाव्हला 5 नंबरची बस जाते. शुक्रवारी संध्याकाळी तिथे ‘फिश फ्रायडे’ भरतो. अरुंद गल्ल्यांत कोळी लोक चुली मांडतात. फॉइलमध्ये भाजलेला मासा, कोळंबी, लॉबस्टर आणि ‘लँबी’ म्हणजे मोठ्या शंखातला जीव. सोबत तळलेल्या पिठाचा ‘बेक’. मासे खाणाऱ्या मालवणी-कोकणी पोरांनी डोळे झाकून इथेच जावं. शाकाहारी माणसाच्या वाट्याला मात्र बेक, कणीस आणि मित्रांची तोंडं बघणं. (त्यांनी राजधानी सेंट जॉर्जेसच्या बस टर्मिनसवर बटाटा-चण्याची रोटी आधीच खाऊन घ्यावी. भारतीय मजूर घेऊन ‘मेडस्टन’ जहाज 1857 मध्ये या बेटावर आलं, त्यांच्या मागे राहिलेली ही रोटी.)

जमलं तर दुपारीच पोहोचा, कारण ग्वाव्हचं जायफळाचं केंद्र संध्याकाळी बघता येत नाही. श्रीखंडात चिमूटभर टाकायचं ते जायफळ इथे लाकडी फळ्यांवर ढिगाने वाळत असतं. बाया हाताने निवडतात आणि पाण्यात टाकून पाहतात: भरीव ते तळाशी जातं, पोकळ ते तरंगतं. मग गोणी शिवून त्यावर नावाचे छाप मारतात. 2004 च्या ‘आयव्हन’ वादळात बागा आडव्या झाल्या, आणि जायफळाचं झाड फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात. त्या वादळाचा हिशेब इथले लोक अजून सांगतात. टाकून दिलेल्या कवचाचा रस्त्यावर खच असतो, चालताना पायाखाली करकरतो.

रात्री परतीची बस गृहीत धरू नका. चार-पाच जणांनी मिळून गाडी आधीच ठरवा. माणशी भार हलका होतो. याच रस्त्यावर मोलिनेरचा उपसागर आहे. तिथे जेसन डी केअर्स टेलर यांनी 2006 पासून पाण्याखाली पुतळे उभे केले, हात धरून गोल उभ्या असलेल्या मुलांचं कडं त्यातलंच. ते मात्र सकाळी, समुद्र शांत असताना बोटीने करायचं काम. फिश फ्रायडेला जोडायच्या भानगडीत पडू नका.

ग्रँड एटांग सगळ्यात स्वस्त. 6 नंबरची बस पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेनव्हिलला जाताना तिथूनच जाते. ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, उंची सुमारे 530 मीटर, त्यामुळे खाली घाम गाळत निघालेला माणूस वर धुक्यात कुडकुडतो. माकडं दिसली तर ती मोना जातीची. गुलामांच्या जहाजांच्या काळात पश्चिम आफ्रिकेतून आलेली. डबा उघडा ठेवू नका. तळ्याभोवतीची वाट किरकोळ आहे, क्वाक्वा शिखराची धार मजेची, पण जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या पावसात तिथे नुसता राडा. सेव्हन सिस्टर्सच्या धबधब्यांसाठी जाऊन-येऊन तीन तास धरा. सह्याद्रीत भटकलेल्यांना ही चढण किरकोळ वाटेल, चिखल नाही. दुपारी तीनपर्यंत रस्त्यावर येऊन उभं राहायचं, हा माझा नियम.

कॅरियाकू एका दिवसात करू नका. सेंट जॉर्जेसच्या कॅरेनाज धक्क्यावरून फेरी साधारण दोन तास घेते आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर असल्याने चांगलीच आपटते. येताना त्रास कमी. वाटेत पाण्याखाली ‘किक एम जेनी’ नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे, वर काहीच दिसत नाही. देश तोच, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. सँडी आयलंडला छोट्या बोटीने जायचं, पोहायचं, आणि दुसऱ्या दिवशी विंडवर्ड गावात लाकडी होड्या बांधणारे बघायचे. ही कारागिरी 2023 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आली. 1 जुलै 2024 ला ‘बेरिल’ वादळाने हे बेट अक्षरशः झोडपलं. राहण्याची जागा फोन करून पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि पैसे खर्चायचेच तर तिथल्या माणसांच्या खानावळीत खर्चा.

सोमवारी परीक्षा असेल तर माझं मत ग्वाव्हला: शुक्रवारची रात्र जाते, शनिवार-रविवार हातात राहतात. खिशात पैसे नसतील तर ग्रँड एटांग. कॅरियाकू मोठी परीक्षा उरकल्यावर. पुस्तकं घेऊन गेलेला तिथे एकही पान वाचत नाही.

तिन्हीकडे दोन गोष्टी पाळा. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, इथे ते घालणं बेकायदेशीर आहे. आणि किनाऱ्यावर हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील झाड दिसलं तर पावसात त्याच्या आडोशाला उभं राहू नका. चिकाने कातडीवर फोड येतात.

आई-बाबा भेटायला आले तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि गाडी भाड्याने घ्या. गाडी डावीकडूनच चालते, फक्त स्थानिक परवाना काढावा लागतो. सकाळी ग्रँड एटांग, दुपारी उत्तरेला रिव्हर अँटोइनची 1785 पासूनची रम भट्टी, जिथे पाणचक्की अजून ऊस गाळते. उतरताना पश्चिमेच्या रस्त्याने ग्वाव्हमार्गे. वळणं फार आहेत, आईला पुढच्या सीटवर बसवा.