पोतं उघडल्याशिवाय कोळसा कळत नाही

शेगडीवर मांस भाजायला कोळशाचं दहा किलोचं पोतं घरी आणलं आणि आधी चाळणीवर उपडं केलं. पावणेतीन किलो चुरा निघाला. वर चार-पाच खडे आणि दोन तपकिरी, अर्धकच्ची ढलपी. पोत्यावर मात्र डेरेदार झाडाचं चित्र आणि ‘अस्सल लोणारी कोळसा’ अशी ठसठशीत अक्षरं. लोणारी, म्हणजे लाकूड भाजून केलेला, होता हे खरं, त्याबद्दल तक्रार नाही.

चुऱ्याचं एवढं काय, असं माझ्या बहिणीनं विचारलंच. चुरा मोठ्या तुकड्यांमधल्या फटी बुजवतो. खालून येणारी हवा अडते आणि निखारे घुसमटतात. मग शेगडीची हवेची झडप पूर्ण उघडली तरी आच चढत नाही. तपकिरी ढलपी त्याहून वाईट. ते नीट न जळलेलं लाकूडच असतं, पांढरा, डोळ्यांत जाणारा धूर सोडतं आणि मांस कडवट करतं. आता मी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघते. टणटण वाजला तर चांगला भाजलेला, नुसता ठक्क आवाज आला की बाजूला.

चाळून उरलेला सव्वासात किलो कोळसा मात्र भाजायला झकास निघाला. चिमणी स्टार्टरमध्ये, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, पंधरा मिनिटांत लाल. झडप थोडी उघडली की लगेच धग वाढते, मिटली की उतरते, राख अगदी कमी. पातळ काप किंवा मटणाच्या चापा झटपट भाजायच्या असतील तर मला दुसरं काही नको. ठिणग्या उडतात, तेवढं सांभाळायचं.

याच कोळशावर मांसाला मंद आचेवर सहा तास धुरी द्यायला बसले आणि दमले. एक तुकडा मुठीएवढा, दुसरा सुपारीएवढा. तापमानाचा काटा कधी 95 अंश सेल्सिअसवर, कधी 150 वर. दर अर्ध्या-पाऊण तासाला उठायचं, झाकण उघडायचं, आणि झाकण उघडलं की पुन्हा तापमान गडगडायचं.

म्हणून दुसरं पोतं साध्या ब्रिकेटचं. ब्रिकेट म्हणजे कोळशाचा भुगा आणि स्टार्च दाबून केलेल्या एकसारख्या वड्या. काहींत दगडी कोळशाची पूडही असते, निखाऱ्यावर पांढरी राख छान दिसावी म्हणून चुनखडी असते, लवकर पेटावं म्हणून सोडियम नायट्रेट असतं. मी घेतलेल्यावर फक्त कोळसा आणि स्टार्च लिहिलं होतं, म्हणूनच उचललं. सगळ्या वड्या सारख्या असण्याचा फायदा असा की त्या ग्रिलच्या कडेने सापासारख्या मांडता येतात: दोन शेजारी-शेजारी, त्यांच्यावर दोन, आणि पेटवायचं फक्त एक टोक. आग एकीकडून दुसरीकडे सरकत जाते. काटा साडेपाच तास 105 ते 120 च्या मधे राहिला. मी मधे फक्त दोनदा उठले, तेही उगाच. राख मात्र ढीगभर होते. खालची झडप तिनं बुजते, ती अधूनमधून हलवावीच लागते.

तिसरं पोतं घेतलं ही माझी चूक. ‘एका काडीत पेटणारे’ ब्रिकेट. पेटतात एका काडीत, कारण त्यांना आधीच ज्वालाग्राही द्रव पाजलेला असतो. सगळ्या वड्या एकदम पेटवून राखाडी होईपर्यंत थांबलं तर तो बराचसा उडून जातो. मी ते सापासारखे मांडले. म्हणजे दुपारभर दर काही मिनिटांनी एक नवी वडी पेटत होती आणि तिचा द्रव थेट मांसात जात होता. बहिणीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “ताई, स्टोव्ह भडकलाय का गं?” पाच तासांची मेहनत टाकून दिली. दोष अर्धा माझा, पण पाकिटावर ‘धुरीसाठी उत्तम’ छापणाऱ्याचा उरलेला अर्धा.

नारळाच्या करवंटीचे ब्रिकेटही वापरून पाहिले. पेटायला आळशी, पण एकदा धरले की चिवटपणे जळतात आणि राख थोडी. लांब धुरीला साध्या ब्रिकेटपेक्षा मला हे जास्त आवडले.

आता वासाबद्दल. ‘ओक’, ‘हिकरी’ असं झाडाचं नाव छापून कोळसा विकतात. पण लाकडाच्या धुराला जो वास असतो तो बराचसा त्यातल्या लिग्निनच्या, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या घटकाच्या, विघटनातून येतो. ग्वायकॉल, सिरिंगॉल ही त्यातलीच संयुगं. कोळसा करताना हवा तोडून लाकूड तापवतात तेव्हा हे सगळं आधीच उडून गेलेलं असतं. दोन वेगळ्या झाडांच्या कोळशावर कोंबडीच्या तंगड्या भाजल्या आणि कुठली कशावरची ते न सांगता बहिणीला खायला दिल्या. चारपैकी दोनदा बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. भाजण्याचा जो खमंग वास येतो तो मुख्यतः निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा. धुराचा वास हवा असेल तर मुठीएवढा सुक्या लाकडाचा तुकडा निखाऱ्यावर ठेवा आणि धूर पातळ, निळसर होईपर्यंत मांस ठेवू नका.

पहिल्या पोत्याला पाचपैकी दोन तारे, चाळण्याची तयारी असेल तर तीन. साध्या ब्रिकेटला चार, राखेसाठी एक कापला. करवंटीच्यालाही चार. एका काडीवाल्याला शून्य देता येत नाही म्हणून एक.

आणि उरलेले निखारे गरम असताना शेगडी घरात घेऊ नका. वास नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. मी झडपा मिटून अंगणातच विझू देते. तेच तुकडे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, कारण कोळसा दमट हवा शोषतो आणि मग पेटताना रडवतो. पावणेतीन किलो चुरा अजून पोत्यात आहे. त्याचं काय करायचं हे बहिणीनं विचारलंय, मी अजून उत्तर दिलेलं नाही.